धरून सोडलेला मासा

गेल्या मार्गशीर्षांत चार दिवस अलोऱ्यास राहण्याचा योग आला. चिपळुणाहून कराडकडे जाणारी सडक कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं येते त्या टापूंतलें हें गांव. माझे वडील कोयना प्रकल्पांत नोकरीस होते, त्यामुळें माझें बाळपण येथल्या वसाहतींत गेलें. पुढें काम सरलें, माणसें पांगलीं, आणि ज्या घरांत आम्ही राहत होतों त्याच्या दारांत आतां पुरुषभर उंचीचें रान माजलें आहे. बहिणीचें सासर मात्र जवळच असल्यामुळें वर्षांतून एकदां तरी तिकडे जाणें होतें. या खेपेस तिचा मुलगाहि आला होता, आणि त्याच्या मोटारीच्या टपावर एक लांबट, पिंवळी, दोन्ही टोंकांस निमुळती अशी होडी बांधलेली होती. "मामा, ही कयाक," तो म्हणाला. "उद्यां पहांटे तलावावर. तुम्हीहि चला; दोघांची जागा आहे."

भाचा नोकरीनिमित्त सहा वर्षें अमेरिकेच्या वायव्य भागांत राहून आलेला. तेथें त्याला हा छंद जडला. तिकडच्या खोल व थंड तलावांत कोकॅनी नांवाचा मासा असतो, त्याच्या पाठीमागें तो सुटीचे दिवस घालवीत असे. नांव ऐकून माझे कान टवकारले. पण त्याचा कोंकणाशीं कांहीं संबंध नाहीं, तें ब्रिटिश कोलंबियाकडील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आलें आहे. हा सॅमनच्याच कुळांतला. याचे भाऊबंद नदींत जन्मतात, समुद्रांत वाढतात आणि अंडीं घालण्यासाठीं पुन्हां नदींत येतात. कोकॅनी मात्र समुद्र कधीं पाहतच नाहीं. तलाव हाच त्याचा सागर. तीन-चार वर्षें तो पाण्यांतील बारीक जीवांवर गुजराण करतो, मग अंगानें लालभडक होतो, ओढ्यांत किंवा कांठच्या वाळूंत अंडीं घालतो आणि मरतो. होडीच्या मागें खोल पाण्यांतून चकचकीत पत्रा व गुलाबी आमिष ओढीत नेतात, गळाच्या टोंकाला मक्याचा दाणा लावतात. मक्याचा दाणा कांहीं त्याचें भक्ष्य नव्हे. तो भुकेपेक्षां चिडूनच गळाला झोंबतो, असें तिकडचे गळवाले मानतात. तोंड इतकें नाजूक कीं जोरानें ओढलें तर गळ फाटून निघतो. यामुळें धरलेला कोकॅनी बहुधा बर्फांत ठेवून घरीं नेतात व खातात. भाच्यानेंहि खाल्ला होता. "नाहींतरी चौथ्या वर्षीं तो मरणारच असतो," हें त्याचें त्यावरचें समर्थन. मरणारा तर मामाहि आहे, एवढेंच मीं त्यावर म्हणालों, आणि आम्ही दोघेहि हंसलों.

कोळकेवाडीच्या तलावाची हकीकत ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें जरूर आहे. कोयनेचें पाणी निसर्गतः दक्षिणेकडे व मग पूर्वेकडे वळून कराडास कृष्णेला मिळतें आणि बंगालच्या उपसागरास जातें. तें धरणानें अडवून, सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यांनीं पश्चिमेकडे आणून पोफळीस खालीं सोडलें आहे. त्या उडीवर वीज निघते. तेथून सुटलेलें पाणी पुन्हां कोळकेवाडीस अडविलें. हें धरण १९७५ सालचें. त्याच्या पायथ्याशीं ३२० मेगावॉट विजेचें आणखी एक घर आहे, आणि तेथून पुढें हें पाणी वाशिष्ठींतून चिपळुणावरून दाभोळच्या खाडीस मिळतें. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावर तरंगत होतों तें एका समुद्राचें ठरलेलें असून दुसऱ्या समुद्रास निघालेलें होतें. लहानपणीं वडिलांनीं हें समजावून सांगितलें तेव्हां मला त्यांत मनुष्याचा केवळ पराक्रम दिसला होता.

धरणाच्या भिंतीकडे जाण्यास मज्जाव असतो. आम्ही तलावाच्या वरच्या अंगास, झाडीच्या आडोशानें, पाण्यांत शिरलों. अंगांत फुगीर बंडी घालून कयाकमध्यें बसलेला प्राध्यापक कसा दिसत असेल याची कल्पना मी वाचकांवरच सोंपवितों. ही होडी मूळची ग्रीनलंड व त्याच्या आसपासच्या हिमप्रदेशांतील लोकांची. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती करीत, आणि तिच्यांत बसून पुन्हां सीलचीच शिकार करीत. बर्फांत दुसरें अन्न नाहीं. शिकार चुकली तर घरांत उपास. आमची प्लॅस्टिकची होती, आणि आमच्या डब्यांत बहिणीनें दिलेले घावन होते.

सूर्य डोंगरावर यावयाच्या सुमारास काठी वांकली. पुढल्या दहा मिनिटांचें वर्णन मला साधणार नाहीं. शेवटीं पाण्यावर आला तो हातभर लांबीचा, मोठमोठ्या खवल्यांचा, अंगावर सोनेरी झांक असलेला मासा. महाशीर असावा, असें भाचा म्हणाला, आणि त्याचा आवाज कांपत होता. त्यानें आधीं आपले हात पाण्यांत भिजविले, कोरड्या हातानें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो म्हणून. गळाला कांटा ठेवलेलाच नव्हता, तो अलगद निघाला. मला एक छायाचित्र काढावयास लावलें, आणि मग माशाचें तोंड प्रवाहाकडे करून, त्याला दम येईपर्यंत दोन्ही हातांवर धरून, सोडून दिलें. शेंपटीचा एक फटकारा, आणि मासा नाहींसा झाला. भाच्याच्या चेहऱ्यावर एखादें पुण्यकृत्य करून उठलेल्या माणसाचें समाधान होतें.

कांठावर एक म्हातारे गृहस्थ गरवीत बसले होते. वेळूची काठी, तंगूस, गरीला गांडूळ, आणि शेजारीं प्लॅस्टिकच्या डब्यांत बोटा-दोन बोटांएवढे पांच-सात मासे. त्यांनीं हें सर्व पाहिलें होतें. आम्ही जवळून जातांना त्यांनीं विचारलें, "सोडायचाच होता साहेब, तर धरलात कशाला त्याला?"

भाच्यानें नम्रपणें सांगितलें, "आजोबा, हा मासा कमी होत चालला आहे, म्हणून सोडला."

"तें बरं केलंत," म्हातारे म्हणाले. "पण मग धरलात कशाला?"

हा प्रश्न मीं त्या दिवशीं घरीं नेला, आणि परत येतांना कॉलेजांतहि घेऊन आलों.

भाच्याचें म्हणणें मी त्याच्याच बाजूनें मांडतों, कारण तो विचारी मुलगा आहे. माशाला वेदना होतात हेंच मुळीं सिद्ध नाहीं, हा त्याचा एक मुद्दा. येथें त्याचें ज्ञान थोडें जुनें आहे. २००३ मध्यें स्कॉटलंडांत लिन स्नेडन या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचें विष व सौम्य आम्ल टोंचून पाहिलें. त्या माशांच्या तोंडांत इजा ओळखणारे मज्जातंतु आढळले. मासे डोलूं लागले, कांहींनीं ओठ तळच्या खड्यांवर घांसले, आणि बराच वेळ अन्नाकडे पाहिलें नाहीं. मनुष्याच्या मेंदूंतील ज्या भागांत वेदनेची जाणीव होते तो भाग माशाला नाहीं, तेव्हां ही वेदना नव्हे, नुसती प्रतिक्रिया होय, असें म्हणणारे पंडित अजून आहेत, आणि वाद मिटलेला नाहीं. परंतु ओठ खड्यांवर घांसणारा मासा एकदां डोळ्यांपुढें उभा राहिल्यावर त्या वादाचा निकाल लागेपर्यंत गळ टाकीत राहणें कितपत योग्य, हा निराळाच प्रश्न उरतो.

जर्मनीनें याचें उत्तर कायद्यानें देऊन टाकलें आहे. १९७२ च्या प्राणिरक्षणाच्या कायद्याप्रमाणें सबळ कारणावांचून प्राण्यास पीडा देतां येत नाहीं. खाणें हें सबळ कारण, करमणूक नव्हे. त्यामुळें तेथें मासा शिजविणारा निर्दोष ठरतो आणि सोडण्याच्याच हेतूनें धरणारा दोषी. स्वित्झर्लंडनेंहि २००९ पासून असाच निर्बंध घातला आहे. भाच्याला हें मीं सांगितलें तेव्हां तो चकितच झाला. "म्हणजे मारला तर पुण्य आणि सोडला तर पाप?" तो म्हणाला. त्या म्हाताऱ्यांचा प्रश्न व जर्मन कायदेमंडळाचा प्रश्न एकच होता, हें त्याच्या लक्षांत आलें नाहीं. मला मात्र त्यांतच मौज वाटली.

जेवतांना त्यानें आपलें शेवटचें अस्त्र काढलें. पानांत बांगड्याची आमटी होती आणि मी ती दुसऱ्यांदा वाढून घेत होतों. "मामा, ह्या बांगड्याला कोणीं भिजल्या हातांनीं धरलें होतें?" माझ्याजवळ उत्तर नव्हतें. जाळ्यांतून ओढून फळीवर ओतलेला बांगडा तडफडून मरतो. भाच्याचा मासा पंधरा मिनिटांत आपल्या घरीं गेला. वेदनेचा हिशेब वेदनेशींच करावयाचा तर माझ्या ताटाचें पारडें जड. अशा वेळीं आमच्यासारखे मत्स्याहारी लोक वनपर्वांतील धर्मव्याधाचा आधार घेतात. मिथिलेंत मांस विकीत बसलेला तो व्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो कीं, नांगर चालवितांनाहि असंख्य जीव मरतात, पूर्णपणें अहिंसक असा कोणीच नाहीं. मीहि हा आधार घेतला. पण नंतर मनांत आलें कीं, धर्मव्याध आपल्या धंद्याचें कोठेंहि कौतुक करीत नाहीं; तो प्राक्तनानें आलेलें घोर कर्म म्हणून त्याचा उल्लेख करतो, स्वतः प्राणी मारीत नाहीं, आणि त्या मांसाचा स्वाद घेतो असेंहि नाहीं. दुसऱ्यांदा आमटी वाढून घेणाराला त्याच्या आडोशास उभें राहतां येईल असें मला वाटत नाहीं.

भाच्यानेंहि एक पौराणिक दाखला दिला, तो असा कीं, मनूनेंहि मासा धरून सोडलाच! शतपथ ब्राह्मणांतील कथा अशी आहे कीं, हात धुतांना मनूच्या ओंजळींत एक लहानसा मासा आला व म्हणाला, माझें रक्षण कर, मोठे मासे मला खातील. मनूनें त्याला कुंभांत ठेवलें, मग खड्ड्यांत, आणि मोठा झाल्यावर समुद्रांत सोडलें. दाखला सुंदर आहे, पण विरुद्ध बाजूचा. तेथें मासा आपण होऊन हातांत आला आणि त्यानें मागितलें तें त्याला मिळालें. आमचा मासा आम्हांपासून काय मागत होता तें काठीच्या वांकावरून सर्व तलावाला दिसत होतें.

मग फरक कोठें आहे? वेदनेंत नाहीं, तेथें मीच हरतों. क्रौर्यांतहि नाहीं. प्राण्यांशीं निर्दयपणें वागणारा मनुष्य पुढें माणसांशींहि तसाच वागतो, म्हणून त्यानें तसें वागूं नये, असें कांट सांगतो. पण माझा भाचा आपल्या आजारी आजीचे पाय तासन् तास चेपणारा आहे. मला फरक दिसतो तो असा. कांठावरच्या त्या म्हाताऱ्यांच्या डब्यांत एखादा मासा आपण होऊन उडी मारून पडला असता तर त्यांनीं देवाचे आभार मानले असते. माशाची धडपड ही त्यांच्या कामांतली एक अडचण होती. ती नसती तर बरें, असेंच त्यांना वाटणार. भाच्याच्या कयाकमध्यें तसा मासा येऊन पडता तर त्याची सकाळ वायां गेली असती. त्याला हवी होती ती धडपडच. मासा हा तिचा केवळ निमित्तमात्र धनी, म्हणून तर ती संपल्यावर मासा परत करतां आला. एका जीवाची प्राणांतिक खटपट हेंच ज्या सुखाचें सार, त्या सुखाच्या शेवटीं दाखविलेल्या हळुवारपणाला दया हें नांव देतां येत नाहीं. खेळ म्हणावें. कुस्तींतहि प्रतिपक्षाची धडपडच आपल्याला हवी असते, असें कोणी म्हणेल; पण तेथें दोघेहि लंगोट कसून आखाड्यांत उतरलेले असतात.

हें लिहिणें सोपें आहे. आतां जें लिहावयाचें तें तितकें सोपें नाहीं. मासा लागल्यावर थोड्या वेळानें भाच्यानें काठी माझ्या हातांत दिली होती. त्या दहा मिनिटांचें वर्णन साधणार नाहीं असें मीं वर म्हटलें, त्याचें कारण हेंच. काळोख्या पाण्यांतून, न दिसणाऱ्या कुठल्याशा खोलीवरून, एक इच्छा माझ्या इच्छेविरुद्ध ओढीत होती. त्या ओढीची थरथर दोरींतून काठींत, काठींतून मनगटांत आणि मनगटांतून छातींत येत होती. तीस वर्षें मी वर्गांत जीवमात्राच्या एकत्वावर व्याख्यानें देत आलों आहें. त्या सर्व वर्षांत मासा हा माझ्याइतकाच जिवंत आहे हें मला त्या दहा मिनिटांत जितकें पटलें तितकें केव्हांहि पटलें नव्हतें. आणि तें पटत असतां मी काठी सोडली नाहीं. मी हंसत होतों, असें भाचा सांगतो.

तेव्हां त्याचा तिसरा मुद्दा, म्हणजे ज्यांना ही ओढ ठाऊक आहे तेच नदी वांचविण्यास धांवतात, हा मला सहज उडवून लावतां येत नाहीं. दख्खनच्या महाशीराला सायक्स नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८३९ मध्यें पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतील नमुन्यावरून शास्त्रीय नांव दिलें. आज तेथें महाशीर शोधूं जाणें म्हणजे स्वतःची थट्टा करून घेणें होय. लोणावळ्यास वळवणच्या तलावाकांठीं टाटांच्या वीजकंपनीनें पन्नास वर्षांवर याच जातीचीं पिलें वाढवून ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडलीं, आणि २०२० मध्यें ही जात संकटमुक्त म्हणून नोंदली गेली. हें श्रेय मोठें आहे. पण त्याच पिलांपैकीं कांहीं दूर कावेरींतहि सोडण्यांत आलीं. तेथें कुबड्या महाशीराची स्वतंत्र जात पूर्वींपासून होती, गळाच्या शौकिनांत जगभर नांवाजलेली. लोणावळ्याच्या पाहुण्यांनीं तिची जागा व्यापली, आणि २०१८ मध्यें ती नामशेष होण्याच्या पंथास लागलेल्या जातींत गणली गेली. अमेरिकेंतील फ्लॅटहेड तलावांतहि हाच प्रकार. कोकॅनी तेथला मूळचा नव्हे. १९१६ च्या सुमारास तो आणला. त्याला खाद्य म्हणून पुढें वरच्या तलावांत बारीक झिंगे सोडले. झिंगे वाहत खालीं आले आणि कोकॅनीचेंच खाद्य फस्त करूं लागले. ज्या ओढ्यांत १९८५ मध्यें लाखावर कोकॅनी अंडीं घालण्यास येत, तेथें १९८९ मध्यें पन्नासांच्या आसपास आले. आणि ते खाण्यासाठीं जमणारे शेंकडों गरुडहि येईनासे झाले. हें कोणा शत्रूनें केलेलें नाहीं. माशावर प्रेम करणाऱ्यांनींच केलें.

याच्या उलट महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथले महाशीर वरदायिनी देवीचे. त्यांना कोणी धरीत नाहीं, खावयास घालतात. त्या माशांची ओढ कोणाच्याहि मनगटाला ठाऊक नाहीं, आणि ते तेथें आहेत. पण देवीचें भय हें कांहीं मला विकत आणून कोळकेवाडीच्या कांठीं ठेवतां येणार नाहीं.

'गरज' या शब्दावर मी जर्मन कायद्याप्रमाणें सर्व भार टाकला असता तर लेख येथेंच संपला असता. परंतु अलोऱ्यांत वाढलेल्या माणसाला तो शब्द तितका निष्पाप वाटत नाहीं. कोयनेच्या खोऱ्यांतील गांवेंच्या गांवें पाण्याखालीं गेलीं तीं गरजेपोटींच. पावसाळ्यांत अंडीं घालण्यास वर चढणाऱ्या माशांची वाट भिंत घालून बंद झाली तीहि गरजेपोटींच. माझी फी, माझीं पुस्तकें, ज्या दिव्याखालीं मी कांट वाचला तो दिवा, हीं सर्व त्याच गरजेच्या खात्यावर आहेत. भाच्यानें एका माशाला पंधरा मिनिटें छळलें; माझ्या शिक्षणानें किती माशांची वाट बंद केली याचा हिशेब कोणीं ठेवला आहे? हा हिशेब पुढें करून भाच्याला निर्दोष ठरवावें असें मला वाटत नाहीं. फक्त त्याच्यासमोर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसतांना ती खुर्ची जराशी हलली, एवढेंच सांगतों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही पुन्हां गेलों होतों. तो गेला म्हणून मी गेलों, असें बहिणीला सांगितलें. त्या वेळीं कांहीं लागलें नाहीं. दिवेलागणीच्या सुमारास शहरांत विजेची मागणी वाढते, तशीं खालचीं यंत्रें चालूं झालीं असावीं. पाहतां पाहतां पाणी कांठापासून हातभर मागें हटलें आणि आमची कयाक चिखलांत रुतली. म्हातारे आपली काठी ठेवून मदतीला आले. तिघांनीं मिळून ती ओढून वर काढली. घाम पुसून झाल्यावर ते भाच्याला म्हणाले, "साहेब, पुढल्या खेपेला तेवढा मोठा लागला, तर सोडायच्या आधीं मला हांक मारा."

भाच्यानें माझ्याकडे पाहिलें. मी पायांचा चिखल गवतावर पुसत होतों.